कुंपण तहानेने वाळलं होतं: हिवाळ्याआधीच्या बागेचं एक प्रकरण

आधी जागा कशी होती ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बर्फ पडणारा प्रदेश, उत्तर गोलार्ध, जमीन साधारण डिसेंबर ते मार्च गोठलेली, पारा एकदोनदा तरी उणे २५ ला टेकतोच. घरासमोर लॉन, लॉन आणि रस्त्याच्या मध्ये गवताची चिंचोळी पट्टी, मागे एक जुना मेपल, एक तरणं सफरचंद, भिंतीलगत हायड्रेंजिया (फुलांचं झुडूप), जमिनीखालून स्प्रिंकलरची लाइन, आणि नैऋत्येला थुजाच्या १४ झाडांचं कुंपण. थुजा म्हणजे मोरपंखीचं जवळचं नातेवाईक समजा, फक्त थंडीला कितीतरी दणकट. ही १४ झाडं आदल्या मे महिन्यात लावलेली, कुंडीतली, छातीएवढी उंच.

एप्रिलमध्ये बर्फ गेला आणि त्यातली ९ झाडं तपकिरी निघाली.

घरातले दादा-वहिनी दोघंही नोकरी करणारे, बागेची हौस आहे पण वेळ शनिवार-रविवारचाच. शेजाऱ्याने सांगितलं बुरशी आहे, रोपं विकणारा म्हणाला यंदा थंडीच जास्त पडली, आणि दादांनी दोघांचंही ऐकून बुरशीनाशकाची बाटली आणून ठेवली होती, फवारायच्या आधी एकदा बघून जा म्हणून मला बोलावलं. बाटली फोडली नव्हती हे एक बरं झालं.

"अहो, लेबलवर झोन ३ लिहिलंय, आपण झोन ५ मध्ये आहोत, मग थंडीने जाईलच कसं?" हा दादांचा प्रश्न, आणि प्रश्न एकदम बरोबर होता. अमेरिकेच्या कृषी खात्याचा जो झोनचा नकाशा आहे (शेवटची आवृत्ती २०२३ ची, १९९१ ते २०२० च्या नोंदींवर), तो फक्त एकच गोष्ट सांगतो, त्या जागी दरवर्षीचं सगळ्यात कमी तापमान सरासरी किती असतं. झोन ५ म्हणजे साधारण उणे २९ ते उणे २३ सेल्सिअस, झोन ३ म्हणजे उणे ४० ते उणे ३४. म्हणजे उणे ४० ला टिकणारं झाड उणे २५ ला मेलंय, तर मारणारा दुसराच कोणीतरी असणार. वारा, ऊन, पाणी यातलं काहीच त्या आकड्यात येत नाही आणि लोक मात्र लेबल बघून निश्चिंत होतात.

झाडांजवळ जाऊन बघितलं तर गोष्ट तिथेच लिहिलेली होती. तपकिरी बाजू सगळी नैऋत्येची, जिकडून दुपारचं ऊन आणि हिवाळी वारा येतो. मागची, घराकडची बाजू बऱ्यापैकी हिरवी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खालचा दीड फूट सगळ्या झाडांना हिरवागार, जणू कोणी पट्टी लावून रेघ मारलीय, वर तपकिरी खाली हिरवं. ती रेघ म्हणजे बर्फाची पातळी. जेवढा भाग बर्फात गाडलेला होता तेवढा वाचला. बुरशी असती तर बर्फाखालच्या ओलसर भागातच जास्त दिसली असती, आणि नुसत्या गारठ्याने गेलं असतं तर ऊन-सावली बघून गेलं नसतं.

याला हिवाळी करपणं म्हणतात, आणि ते नीट समजलं की अर्धी तयारी आपोआप सुचते. सदाहरित झाडाची पानं हिवाळ्यातही झाडावरच असतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये कडक ऊन पडलं आणि वारा सुटला की पानं तापतात आणि त्यातून पाणी उडत राहतं, पण खाली जमीन गोठलेली असल्यामुळे मुळांना एक थेंबही वर पाठवता येत नाही, म्हणजे खर्च चालू आणि आवक बंद. आता जुन्या झाडाची मुळं खोल आणि लांब गेलेली असतात, त्याचं भागतं. वर्षभरापूर्वी कुंडीतून काढलेल्या झाडाची मुळं अजून कुंडीच्याच आकारात असतात. एक मेलेलं झाड उपटून बघितलं, जोरही लावावा लागला नाही, मुळांचा गोळा तसाच गोल, कडेने वेटोळं घेतलेली मुळं, आणि बर्फ नुकताच वितळलेला असूनही आतली माती हातात घेतली तर भुसभुशीत कोरडी, बोटांना ओल लागेना.

मग विचारलं की मागच्या वर्षी पाणी कधी बंद केलं. दादा म्हणाले सप्टेंबरच्या मध्यात. का? तर स्प्रिंकलरचे पाईप फुटायला नकोत म्हणून, जुन्या घरी एकदा फुटले होते.

हा खरा गुंता होता या प्रकरणातला. पाईप वाचवायला पाणी लवकर बंद करायचं आणि झाडं वाचवायला उशिरापर्यंत चालू ठेवायचं, दोन्ही कामं बरोबर आणि दोन्ही एकमेकांच्या उलट. पाईपाची काळजी जास्त केली म्हणून कुंपण तहानलं. त्यात तो शरद कोरडा गेला होता, पण हवा गार झाली होती त्यामुळे कोणाला वाटलंच नाही की माती सुकलीय.

वसंतात करण्यासारखं फार नव्हतं. खोडाची साल नखाने किंचित खरवडून बघायची, आत हिरवं ओलं असेल तर झाड जिवंत. ९ पैकी ४ मध्ये आत सगळं तपकिरी कोरडं, ती काढून टाकली. उरलेल्या ५ ना हात लावू नका म्हटलं, नुसतं पाणी द्या, टोकं वाळली असली तरी आतल्या हिरव्या डहाळ्यांवरून फूट येते. मात्र थुजाची जी फांदी आतपर्यंत उघडी पडली, हिरवं काहीच उरलं नाही, तिच्यावर परत फूट येत नाही, त्यामुळे छाटायची घाई नको पण खोटी आशाही नको. जूनपर्यंत पाचही झाडं बऱ्यापैकी सावरली, जरा विरळ दिसत होती इतकंच.

ऑगस्टअखेरीस शरदाच्या तयारीला बसलो. मेलेल्या चारांच्या जागी नवीन चार लगेच लावली, कारण सदाहरित झाडाला जमीन गोठायच्या आधी मुळं पसरायला निदान दीड महिना तरी मिळायला हवा, ऑक्टोबर उजाडल्यावर लावण्यापेक्षा मग सरळ वसंताची वाट बघितलेली बरी. लावताना ती वेटोळं घेतलेली मुळं सुरीने तीन-चार ठिकाणी उभी चिरून मोकळी केली. वहिनींच्या जिवावर आलं ते, पण तसं न केल्यास मुळं वर्षानुवर्षं गोलगोलच फिरत बसतात.

पाण्याचा गुंता असा सोडवला. स्प्रिंकलर ऑक्टोबरच्या सुरुवातीला वेळेवर बंद, त्यात तडजोड नाही. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि बंद पाईपात त्या ९ टक्क्यांना जायला जागा नसते, मग पाईप नाहीतर जोड फाटतो. कॉम्प्रेसरच्या हवेने लाइन फुंकून घेतली, लाइनचा एकेक भाग करत, सगळ्यात लांबचा आधी. प्लॅस्टिकच्या लवचीक पाईपाला ५० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) वर हवा द्यायची नाही, कडक पीव्हीसी असेल तर ८० पर्यंत चालते, आणि स्प्रिंकलरच्या तोंडातून पाणी संपून नुसती धुक्यासारखी फवार यायला लागली की थांबायचं, कोरड्या पाईपात हवा मारत बसलं की घर्षणाने आतली चाकं तापून खराब होतात. हे काम माणूस बोलावून केलं, माझा आग्रह होता तो, दाबाची हवा हा खेळ नाही.

आणि झाडांना? झाडांना घराच्या भिंतीच्या नळाला साधी नळी लावून. हा नळ न गोठणाऱ्या प्रकारचा आहे, म्हणजे त्याचा बंद करणारा भाग भिंतीच्या आत, घराच्या उबेत असतो. पण त्यात एक मेख आहे आणि ती भल्याभल्यांना माहीत नसते. नळी तशीच लावलेली ठेवली तर नळातलं पाणी निथळत नाही, आतच अडकतं, गोठतं, आणि न गोठणारा नळही फुटतो, वर ते कळतं वसंतात, जेव्हा पहिल्यांदा नळ सोडल्यावर पाणी भिंतीच्या आत वाहायला लागतं. म्हणून नियम असा केला की दर शनिवारी पाणी, आणि पाणी झालं की नळी काढून, निथळून, आत. वहिनींनी नळावर चिठ्ठीच चिकटवली, "नळी काढली का?"

प्रत्येक झाडाला आठवड्याला साधारण वीस लिटर, एकदम ओतून नाही, नळीची धार बारीक करून बुंध्याशी सोडून ठेवायची, म्हणजे मुळांच्या गोळ्यात आतपर्यंत जातं. चांगला पाऊस झाला त्या आठवड्याला सुट्टी. चांगला म्हणजे किती, तर अडीच सेंटिमीटर, म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर, अंगणात एक सरळ भिंतीचा डबा ठेवला की मोजता येतं. आणि सगळ्यात खात्रीचं मोजमाप म्हणजे बोट, किंवा एखादा लांब स्क्रूड्रायव्हर, बोटभर खोल ओल लागत नसेल तर पाणी द्या, हवा कितीही गार असली तरी.

वहिनींची शंका होती, "एवढ्या थंडीत पाणी घातलं तर मुळं गारठतील ना?" रास्त शंका आहे, बऱ्याच जणांना असते. उलट आहे. ओली माती कोरड्या मातीपेक्षा उष्णता जास्त धरून ठेवते, आणि सावकाश गोठते. चिखल होऊ द्यायचा नाही हे मात्र खरं, पाणी साचून राहिलं तर मुळं गुदमरतात. हे शनिवारचं पाणी नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत, वरचा थर कडक होईपर्यंत चाललं. त्यानंतर पाणी देऊन उपयोग नाही, ते वरच गोठतं. मध्येच बर्फ नसताना ऊब आली, पारा ४-५ अंशांच्या वर गेला, जमीन मोकळी झाली, तर भर दुपारी थोडं द्यायचं, रात्रीच्या आत मुरलं पाहिजे.

वाऱ्यासाठी नैऋत्येच्या बाजूने खुंट ठोकून गोणपाटाचा पडदा उभा केला, झाडांपासून वीतभर लांब, वर उघडा. झाड पार्सलसारखं गुंडाळायचं नसतं, आणि प्लॅस्टिक तर बिलकूल नको, उन्हात आत भट्टी होते आणि रात्री बर्फ, झाडाचा जीव त्या दोन टोकांमध्येच जातो. खुंट मात्र जमीन मऊ असताना, ऑक्टोबरमध्येच ठोकून ठेवा, डिसेंबरात हातोडा मारून बघा मग कळेल. दादा पानांवर मारायचा तो मेणासारखा थर देणारा स्प्रेपण आणायचा म्हणत होते, मी नको म्हटलं. त्याचे निकाल कुठे बरे कुठे शून्य असे येतात, थर उन्हा-पावसात उतरतो, परत मारावा लागतो, आणि माणसाला उगाच वाटतं की काम झालं, मग शनिवारचं पाणी बुडतं.

जोडीला लाकडाच्या ढलप्यांचं आच्छादन, पाच ते आठ सेंटिमीटर जाड, पण खोडापासून चार बोटं मोकळं. आदल्या वर्षी कोणीतरी खोडाभोवती डोंगर रचून ठेवला होता. त्याचा फटका कुंपणाला नाही, मागच्या सफरचंदाला बसला होता, त्या उबदार ढिगात रानउंदीर राहायला आले आणि हिवाळाभर साल कुरतडली. नशीब की पूर्ण गोल कुरतडली नव्हती, साधारण अर्धा घेर शाबूत होता, म्हणून झाड जगलं. पूर्ण घेर गेला की पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे उतरायचं बंद, मग झाड वाचत नाही. यंदा खोडाभोवती बारीक, म्हणजे सहा मिलिमीटर भोकाची लोखंडी जाळी, तळ जमिनीत पाच सेंटिमीटर गाडून, आणि उंची ठरवताना जमिनीपासून नाही तर बर्फाच्या पातळीपासून विचार करायचा, कारण दोन फूट बर्फ साठला की उंदीर-ससे त्या दोन फुटांवर उभे राहून खातात! खोडाला वरून पांढरी पट्टीही गुंडाळली. तरण्या झाडाची पातळ साल दुपारच्या उन्हात तापते, सूर्य गेला की एकदम गोठते आणि नैऋत्येच्याच बाजूला उभी फाटते. पांढरा रंग ऊन परतवतो. ही पट्टी वसंतात आठवणीने काढायची, नाहीतर खाली किडे आणि ओल.

बाकीची बाग तुलनेने सोपी. लॉनचं बी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाकलं, थंड हवामानाच्या गवताला माती अजून उबदार आणि हवा गार असा काळ सगळ्यात मानवतो. शेवटची कापणी पाच-सहा सेंटिमीटर उंचीवर, कारण लांब गवत बर्फाखाली आडवं पडून चिकटतं आणि वसंतात करड्या बुरशीचे गोल डाग दिसतात, ते आदल्या वर्षी दिसले होते. मेपलची पानं पिशव्यांत भरून फेकायचं बंद केलं, गवत कापायच्या यंत्राने लॉनवरच चुरा केला. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत यावर बरंच काम झालंय, चुरा बारीक असेल तर गवताचं नुकसान होत नाही. चुऱ्यातून गवत दिसत राहिलं पाहिजे एवढंच बघायचं. अख्खी पानं मात्र लॉनवर सोडू नका, ओली झाली की त्याची सतरंजी होते आणि खाली गवत पिवळं.

हायड्रेंजियावरून घरात वाद होता. वहिनींना बाग "आवरून" ठेवायला आवडते, दर शरदात सगळं कापून बुटकं करून टाकायच्या, आणि फूल दोन वर्षांत एकही नाही. मोठ्या पानांचा हायड्रेंजिया पुढच्या वर्षीच्या कळ्या याच वर्षी उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत जुन्या काड्यांवर बांधून मोकळा होतो, म्हणजे शरदात कात्री चालवली की पुढची फुलंच कापली. लायलॅक, फोर्सिथिया या फुलझुडपांचंही तेच. आणि उशिराच्या छाटणीने किंवा नत्राच्या खताने नवी कोवळी फूट येते, ती पक्की व्हायच्या आत दंव पडतं. म्हणून खत आणि छाटणी दोन्ही ऑगस्टनंतर बंद, फक्त मेलेली-मोडलेली फांदी काढायची. फुलझाडांपैकी फ्लॉक्सवर भुरी होती, पिओनीची पानं डागाळलेली, ती मात्र कापून बागेबाहेर, कारण रोग त्याच पाचोळ्यात हिवाळा काढतो. बाकीचे पोकळ दांडे तसेच उभे ठेवले, त्यात रानटी मधमाश्या राहतात. वहिनी अजून नाराज आहेत त्या दांड्यांवर.

नाजूक बारमाही झाडांवरचं जास्तीचं आच्छादन जमीन गोठल्यावर घातलं, आधी नाही. त्याचा हेतू ऊब देणं हा नसून जमीन गोठलेलीच ठेवणं हा आहे, गोठणं-वितळणं-गोठणं झालं की उथळ मुळांची रोपं मातीतून वर ढकलली जातात आणि उघड्या मुळांनी मरतात.

बर्फ पडल्यावरचं एकच सांगितलं होतं, थुजावर ओला बर्फ साठला तर झाडूने खालून वर हलकेच उचलून पाडायचा, वरून बडवायचा नाही. आणि बर्फाचा काचेसारखा थर बसला असेल तर हातच लावायचा नाही, आपोआप वितळू द्यायचा, गोठलेली डहाळी कडकन मोडते.

पुढच्या मे महिन्यातला हिशेब. जुनी दहाही झाडं हिरवी, दोघांच्या टोकांना जरासा तांबूसपणा, जो जूनपर्यंत गेला. नव्या चारांपैकी तीन ठणठणीत, एक नैऋत्येच्या बाजूने अर्धं करपलं. ते एक कुठलं, तर घराच्या कोपऱ्यातलं, छपराच्या पागोळीच्या आतलं. तिथे पाऊस पोचतच नाही आणि नळी जेमतेम पोचायची, दादांनी कबूल केलं की दोन-तीन शनिवार ते झाड राहून गेलं. हायड्रेंजियाला कळ्या दिसतायत. सफरचंदाच्या जाळीभोवती दातांच्या खुणा आहेत, सालीवर नाहीत.

आता श्रेय सगळं पाण्याला द्यायचं का? मी देणार नाही. तो हिवाळा बर्फाचा होता, फेब्रुवारीभर कुंपण निम्म्याहून जास्त गाडलेलं होतं, आणि बर्फाइतकं चांगलं पांघरूण माणूस घालू शकत नाही. गोणपाटाचाही वाटा असेल. एकाच वर्षी तीन गोष्टी बदलल्या की कुठलीने किती काम केलं ते सुटं काढता येत नाही. तरी त्या कोपऱ्यातल्या झाडाला पडदाही होता, आच्छादनही होतं, बर्फही होता, कमी पडलं ते फक्त पाणी, म्हणून माझा कल तिकडेच आहे.

एक बाब सुटलेली नाही. रस्त्याकडेची गवताची पट्टी याही वर्षी जळाली. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ पडतं, बर्फ बाजूला सारणारी नांगराची गाडी तो चिखल-बर्फ उचलून पट्टीवर टाकते, त्यातलं सोडियम मातीत साठत जातं. दादांनी स्वतःच्या वाटेवर मिठाऐवजी वाळू वापरली, फरक पडला नाही कारण मुख्य मीठ रस्त्याचं आहे. वसंतात जमीन मोकळी झाल्या झाल्या भरपूर पाण्याने धुवून काढायची असं ठरलंय, आणि गवत नाहीच आलं तर मीठ सोसणारं दुसरं काही लावायचं. छपराखालच्या कोपऱ्यात मात्र परत थुजा लावायचा नाही यावर दादा-वहिनींचं पहिल्यांदाच एकमत झालंय, तिथे खडी येणार.